तळं राखणारा

न्खाटा बेच्या नर्सिंग कॉलेजात
जिन्याखाली, मच्छरदाण्यांच्या खोक्यांना खेटून
एक जुना संगणक घरघरतो.
त्याचा पंखा मीच दोनदा बदलला.
कुणीतरी त्याच्या कुशीवर खडूनं लिहिलंय
कपितावो, म्हणजे मुकादम.

दोनशे साठ मुली, एकतीस मुलगे, अकरा शिक्षक
आणि टेकडीवरच्या मनोऱ्यातून येणारी
करंगळीएवढी एक धार.
आधी बळी तो कान पिळी.
एकानं फुटबॉलचा सामना उघडला
की औषधांच्या मात्रांचं पान
दुसऱ्याच्या पडद्यावर अर्ध्यात पांढरंफटक.
प्राचार्या न्यिरेंदाबाई म्हणाल्या,
लुसेकेलो, काहीतरी कर,
पण काय केलंस ते मला सांगू नकोस.

मी प्रॉक्सी बसवला.
आता थेट बाहेर कुणीच जात नाही.
मागणं आधी जिन्याखाली येतं,
कपितावो ते आपल्या नावानं जगाकडे मागतो,
आलेलं मापून देतो.
प्रत्येकाला एक बादली. उपसून झाली
की थेंबाथेंबानं भरेपर्यंत थांबायचं.
एकानं आणलेलं उघडं पान फडताळात ठेवतो,
दुसऱ्याला तिथूनच काढून देतो.
आणि अर्ध्या तासाहून लांबलेली खेप
कुणाचीही असो, तोडतो.
तीन आठवडे लोक मला केळी आणून देत होते.

नोंदवहीत मात्र एक्केचाळीस.
वसतिगृहाच्या सामाईक खोलीतलं यंत्र,
त्या दाराला कडी नाही, कुणीही बसावं.
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तोच पत्ता, तेच बंद पाकीट.
पाकीट कुठून येतंय ते मला दिसतं,
हातात आल्याइतकं वजन कळतं,
आत काय आहे ते नाही.
तीस मिनिटं ठिबकायचं,
मग माझी कात्री.
दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्या थेंबापासून.
रोज तेवढ्याच वजनाला तुटायचं,
जणू कुणी रोज त्याच दगडाला ठेचकाळतंय
आणि दगड मी ठेवलाय.

अकरा रात्री.
सिनेमा असणार, तावोंगा म्हणाली, तोडलंस ते बरं.
असेलही.

तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात.
तर सांगून टाकतो :
माझ्या यंत्राला बादली नव्हती.
पहिल्याच दिवशी मी नियमांच्या वर
आणखी एक ओळ लिहून ठेवली होती,
हा क्रमांक सोडून.
त्या वाटेनं मी काय आणलं?
बोटीची इंजिनं कशी दुरुस्त करायची त्याचे व्हिडिओ.
तासन् तास.
मला बोट नाही.

बाराव्या रात्री मी जिन्याखाली बसून राहिलो.
खोक्यांत एवढ्या मच्छरदाण्या, आणि मला डास फोडत होते.
खिडकीतून सरोवरावर उसिपा धरणाऱ्यांचे दिवे.
दोन वाजून दहा.
त्या ओळीतला माझा क्रमांक मी खोडला,
तिथे एक्केचाळीस लिहिलं.
नुसते दोन आकडे.
सगळी धार एकदम तिकडे वळली,
पंखा रडकुंडीला आला,
आणि नऊ मिनिटांत संपलं.

नऊ मिनिटं.

सकाळी न्सिमाच्या रांगेत मी तोंडं बघत राहिलो.
तेम्वानानी गुणगुणत होती. ती रोजच गुणगुणते.
लुघानोचे डोळे सुजलेले,
पण तिची रात्रपाळी होती प्रसूतिकक्षात.
पहारेकरी योतामू चहात तिसरा चमचा साखर घालत होता,
माझ्याकडे बघून हसला,
कदाचित मीच टक लावून बघत होतो म्हणून.

एक्केचाळीस परत आलं नाही.

ती ओळ अजून तशीच आहे. माझा क्रमांक
परत घालायचा राहून गेला, असं मी स्वतःला सांगतो.
आता माझं इंजिन मध्येच अडकतं,
पाना उगारलेला माणूस जागच्या जागी गोठतो,
तोंड उघडं,
आणि मी त्याच्यासमोर बसून
बादली भरायची वाट बघतो.